न उडणाऱ्या विमानावरील सही

आदिलाबाद शहरालगत निजामाच्या काळातील एक धावपट्टी आहे. येथील एखाद्या मराठी घरातील मुलगा विमानांची देखभाल शिकावयास निघाला, तर महामार्ग 44 ने उत्तरेस नागपूर लागते. तेथे मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेला देखभाल तळ 2015 मध्ये सुरू झाला. अशा मुलाच्या शिक्षणासंबंधी आमच्या मनात एक प्रश्न घोळतो.

प्रशिक्षण केंद्रातील विमान बहुधा निवृत्त असते, पुन्हा उडणार नसते. त्याचा बोल्ट सैल राहिल्याने कोणाचा जीव जात नाही. मग न केलेले काम विद्यार्थ्याने नोंदवहीत लिहिले आणि शिक्षकाने त्याखाली सही केली, तर बिघडले कोणाचे? परिणामावरून दोष मोजणारा म्हणेल, कोणाचेच नाही.

आम्हांस हे पटत नाही. 10 जून 1990 रोजी बर्मिंगहॅमहून मालागास निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच आकाशात निखळली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी धरून ठेवले म्हणून तो वाचला. काचेच्या 90 बोल्टांपैकी 84 कमी व्यासाचे होते. ते बसविणारा पाळीप्रमुख अननुभवी नव्हता, लबाडही नव्हता. त्याने जुना बोल्ट समोर धरून नवे नजरेने जुळविले. सुट्या भागांची सूची उघडली नाही. विलक्षण हे की काढलेले जुने बोल्टही आखूड, म्हणजे चुकीचेच होते, आणि तरीही विमान उडत राहिले होते. दुसऱ्या कोणी ते काम तपासावे, असा नियमही त्या काचेपुरता नव्हता.

‘नजरेने भागते’ हे माणूस धोक्याच्या जागी शिकत नाही. जेथे खरोखरच भागते, तेथे शिकतो. न उडणारे विमान ही नेमकी तशी जागा आहे. म्हणूनच शिकविणारा एक आणि त्याच्या कामाची तपासणी करणारा दुसरा, ही व्यवस्था तेथे हवी. गुरूवर अविश्वास दाखविला म्हणून काही जण रुसतात. त्यांनी खुशाल रुसावे.

याहून अवघड प्रसंग निराळा आहे. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगविलेली असते. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसते आणि एक मुलगा पुढे येऊन सांगतो, माझ्या हातून हरवला. त्यास दंड करावा काय? केला, तर पुढचा मुलगा बाजारातून तसाच पाना आणून जागा भरील, आणि हरवलेला पाना विमानाच्या पोटात राहील. न केला, तर हलगर्जीपणास मोकळीक मिळाली, असे वाटण्याचा धोका आहेच. तरी आम्ही दंड न करण्याच्या बाजूचे आहोत. खोट्या नोंदीखाली सही करणाऱ्या शिक्षकास मात्र ही सवलत आम्ही देणार नाही.

आणि पाना सापडेपर्यंत त्या शिक्षकासकट कोणीही घरी जाऊ नये.