खाणीतला धनी आणि बाहेरचा अभ्यासक

बोलिव्हियातील पोतोसी शहराला लागून असलेल्या सेरो रिको या डोंगरात १५४५ पासून खाणकाम चालू आहे. आधी चांदीसाठी, पुढे कथिल आणि जस्तासाठी. या डोंगराच्या पोटात, बोगद्यांतल्या कोनाड्यांत, मातीच्या मूर्ती बसवलेल्या असतात. डोक्यावर शिंगे, तोंड उघडे, हात पुढे पसरलेले. हा ‘तीओ’, म्हणजे काका. जमिनीखालच्या धातूचा धनी. बोगद्याच्या तोंडापर्यंत येशू आणि मेरीची सत्ता, त्यापुढे तीओची. खाणकामगार कॅथलिक आहेत, पण आत गेल्यावर देवाचे नाव घेणे टाळतात. या दोन निष्ठा त्यांना एकमेकींच्या आड येताना दिसत नाहीत.

शुक्रवारी कामगार तीओभोवती बसतात. त्याच्यापुढे कोकाची पाने ठेवतात, दारूचे काही थेंब भूमातेसाठी जमिनीवर आणि काही मूर्तीवर सोडतात. मग सिगारेट पेटवून त्याच्या तोंडात देतात; ती शेवटपर्यंत जळाली की काकाने मान घेतला असे समजतात. ठरलेल्या सणांना लामाचा बळी देऊन त्याचे रक्त खाणीच्या तोंडाशी शिंपडतात. बदल्यात धातूची शीर सापडावी आणि छत अंगावर येऊ नये. देणे थकले तर काका माणूस घेतो, अशी धारणा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या काकाकडे विद्वानांचे लक्ष गेले. जून नॅश यांनी बोलिव्हियातल्याच ओरुरोच्या कथिल खाणींतील कामगारांमध्ये राहून १९७९ मध्ये ग्रंथ लिहिला. तीओच्या विधींतून कामगारांची एकजूट टिकते आणि तीच संपाच्या वेळी उभी राहते, हे त्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी मायकेल टॉसिग यांनी निराळा अर्थ लावला: देवाणघेवाणीवर जगणाऱ्या शेतकऱ्याला मजुरीची अर्थव्यवस्था अघोरी वाटली, त्या अघोरीपणाचे रूप म्हणजे हा सैतानासारखा तीओ. ट्रिस्टन प्लॅट यांच्यासारख्या अँडीज-अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. बाजार तिथल्या माणसाला कधीच परका नव्हता आणि भूमिगत शक्तींशी त्याचा व्यवहार भांडवलशाहीपेक्षा जुना आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही हरकत वजनदार आहे. टॉसिग यांची मांडणी प्रभावी खरी, पण तिच्यात तीओला स्वतःचे असे काही उरत नाही. तो केवळ दुसऱ्या कशाची तरी खूण होतो.

धर्माच्या तत्त्वज्ञानातील पेच इथेच आहे. एखाद्या श्रद्धेचे कार्य सांगितले म्हणजे ती श्रद्धा समजली का? मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ मध्ये आफ्रिकेतील आझांदे लोकांचे एक उदाहरण दिले होते. वाळवीने खांब पोखरले म्हणून धान्याचे कोठार कोसळले, हे त्या लोकांना पक्के ठाऊक असते. त्यांचा प्रश्न पुढचा असतो: नेमकी हीच माणसे खाली बसली असताना ते का कोसळले? खाणकामगारालाही खडक, सुरुंग आणि फुप्फुसात साचणारी धूळ बाहेरच्या कोणापेक्षाही जास्त कळते. तीओ त्या ज्ञानाच्या जागी येत नाही. त्या ज्ञानाने न सुटणाऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘आज मीच का’ याकडे, तो वळलेला असतो. एकजुटीचे किंवा भांडवलाचे उत्तर या प्रश्नाला स्पर्शही करत नाही.

अभ्यासकाचे पाऊलही तीओशी चालणाऱ्या या व्यवहाराबाहेर राहत नाही. बाई आत आली तर शीर लपते, ही खाणींतली जुनी समजूत. त्यामुळे नॅश किंवा पुढे पोतोसीत अभ्यास करणाऱ्या पास्काल अब्सी यांच्यासारख्या स्त्री संशोधकाचे आत जाणेच त्या नियमाला आव्हान ठरते. तरी हा नियम अभंग नव्हता. १९३२ ते १९३५ च्या पॅराग्वेविरुद्धच्या चाको युद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा स्त्रियांनी आत काम केले. धातू न नेणारा माणूसही तिथून काही तरी नेतोच: माहिती, ग्रंथ, नाव. तीओच्या हिशेबात नेणाऱ्याने द्यायचे असते. आत जाणाऱ्या पाहुण्याने खाणकामगारांच्या बाजारातून कोका, दारू किंवा सुरुंगाच्या कांड्या घेऊन जाण्याची पोतोसीत रीत आहे. त्यातले बरेच कामगारांना मिळते, थोडे काकापुढे ठेवले जाते. देणाऱ्याचा तीओवर विश्वास असावा, अशी अट त्यात नाही. ‘तुम्ही हे खरे मानता का’ या विद्वानांच्या आवडत्या प्रश्नाला खाणीत फारसे काम नाही. तिथे देणे पोचले की नाही, एवढेच पाहिले जाते.