आकड्याची तार

सायकलच्या दुकानात खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही. हातात पाना असला की झालं. गिऱ्हाईक बाकड्यावर बसून बिडी ओढत असतं, सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी असते, आणि त्या चाकाच्या आत काय केलं न् काय राहिलं हे एकट्या मिस्त्रीला ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला चाक फिरताना दिसतं. तेवढ्यावर तो पैसे देतो. असं न दिसणारं काम करणाऱ्यानं आपला हिशेब कुणाला द्यायचा, हा प्रश्न मला पुढं पुष्कळ ठिकाणी भेटला. पण तो पहिल्यांदा भेटला तो आमच्या गावच्या स्टँडसमोर, पत्र्याच्या एका शेडात.

त्या दुकानात भाड्याच्या सात-आठ सायकली होत्या आणि बाकी सगळी दुरुस्ती. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, घमेल्यात पाणी भरून ठेवायचं, पाना मागितला की नेमका तोच द्यायचा, एवढी माझी नोकरी. मिस्त्रीला नाव होतंच, पण सारं गाव त्याला मिस्त्रीच म्हणायचं. गिऱ्हाईक म्हणाल तर मास्तर, पोस्टमन, कारखान्यावर जाणारे कामगार आणि सगळ्यात जास्त दूधवाले. मागं कॅरियरच्या दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या आणि खाली खडीचा रस्ता. त्यांच्या मागच्या चाकाचे जे हाल व्हायचे ते बघवत नसत.

इथं चाकाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. बैलगाडीचं चाक आणि सायकलचं चाक, दोन्ही गोल, एवढंच त्यांचं नातं. गाडीचा आरा लाकडाचा, मनगटापेक्षा जाड. ओझं आलं की खालचा आरा खांबासारखा उभा राहून ते पेलतो. सायकलची तार दोन मिलिमीटर जाडीची. ती उभी राहून काय पेलणार? ढकललं की वाकेल. तिचा सगळा जीव ताणात. हबपासून रिमपर्यंत सगळ्या तारा चहूबाजूंनी ओढलेल्या, म्हणून चाक गोल राहतं. तारा हबमधून सरळ न काढता तिरक्या, एकमेकींना छेदून बसवायची रीत इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं १८७४ साली काढली. पायडलचा झटका त्यामुळं सोसला जातो. आपल्या २८ इंची काळ्या सायकलला पुढं ३२ तारा आणि मागं ४०, त्याच रीतीच्या.

चाक फिरतं तेव्हा जमिनीकडं आलेल्या तारांचा ताण जरा उतरतो आणि वर गेल्या की परत चढतो. किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे. तार चांगली ताणलेली असेल तर तिला हे काही वाटत नाही. सैल असेल तर खाली आल्यावर तिचा ताण पार निघून जातो आणि हबजवळच्या कोपरात ती दर फेऱ्याला हलते. आपण हातानं तार इकडं-तिकडं वाकवून तोडतो ना, तशीच ती एक दिवस तिथं तुटते. लोक म्हणतात, मिस्त्रीनं फार आवळली म्हणून तुटली. बहुतेक वेळा उलटं असतं. आणि एक तुटली की तिचं ओझं शेजारणींवर जातं. मग आठवड्यात दुसरी.

मागच्या चाकाची तार तुटते ती बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूची, आणि सगळी गोम तिथंच आहे. नवी तार ओवायची तर फ्रीव्हील आड येतं, ते काढावं लागतं. पायडल मारून मारून ते असं घट्ट बसलेलं असतं की काढताना माणूस घामाघूम होतो. त्यावर पळवाट आहे. नव्या तारेचं डोकं पक्कडीनं तोडायचं, टोक दोनदा वाकवून आकडा करायचा, तो फ्रीव्हीलच्या मागून बोटांनी चाचपत हबच्या भोकात अडकवायचा आणि निपल आवळायचं. दहा मिनिटांचं काम. चाक सरळ फिरतं. बाहेरून बघणाऱ्याला ती तार आणि बाकीच्या तारा यात काही फरक दिसत नाही. ओझ्यानं आकडा मात्र हळूहळू उघडत जातो.

तालुक्याच्या गावी एक दुकान होतं. तिथं सर्रास आकडा घालत आणि फ्रीव्हील खोलल्याचे पैसे घेत. आमचा मिस्त्रीही आकडा घालायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळची डेअरीची वेळ, दूधवाला घाईत, किटल्या भरलेल्या.

"अण्णा, तार फ्रीव्हीलकडची हाय. खोलावं लागंल."

"किती वेळ?"

"तासभर धरा."

"दूध नासंल की रं. आकडा घाल."

"घालतो. पण आकडा हाय हे ध्यानात ठेवा. रविवारी सायकल सोडा माझ्याकडं." आणि पैसे आकड्याचेच घ्यायचा.

तोच आकडा, तीच तार. एकीकडं ती फसवणूक होती आणि एकीकडं सोय. म्हणजे कामाचा खरे-खोटेपणा कामात नसतो, त्याबद्दल काय सांगितलं आणि किती पैसे घेतले यात असतो, असं मला त्या वयात वाटायचं. भागेल असं काम करण्यात वाईट काही नाही, ते पुरेल असं म्हणून विकू नये. अजूनही मी हे बरंचसं मानतो. बरंचसं म्हणतो, कारण पुढं जे झालं त्यानं हे गणित तितकं सोपं राहिलं नाही. ते सांगतोच.

त्याआधी वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी सायकल आहे त्यांच्यासाठी. मिस्त्रीच्या इमानावर सगळा भार टाकू नये, आपणही थोडं शिकावं. चाकाच्या तारा एकेक करून बोटानं छेडाव्यात. एका बाजूच्या तारा साधारण एका सुरात वाजतात. सैल तार बद्द बोलते. चाक आऊट झालं असेल तर चिमट्याला खडू टेकवून चाक हळू फिरवावं. खडू लागेल तिथं रिम त्या बाजूला गेलीय. ती परत आणायला विरुद्ध बाजूच्या तारा आवळायच्या, खडूच्या बाजूच्या तितक्याच सैल करायच्या, आणि एका वेळी पाव फेराच. एकाच तारेवर जोर काढणारा मिस्त्री दिसला की समजावं, हे चाक आज सरळ आणि महिन्यानं अंड्यासारखं. छर्रे बदलताना त्या वाटीतले सगळे बदलायचे. झिजलेल्या जुन्यांत एकच नवा टाकला तर तो अंगानं मोठा, सगळं ओझं त्या बिचाऱ्यावर. कोन नीट बसलाय का हे बघायचं तर चाक उचलून सोडून द्यावं. ते झोके घेत घेत थांबलं आणि जड बाजू, बहुधा व्हॉल्व्ह, खाली आली, तर ठीक. मध्येच अडकून थांबलं तर कोन फार आवळलाय. रिम धरून हलवल्यावर खुळखुळलं तर सैल आहे. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवलं का, हे जरूर बघावं. बाभळीचा काटा आत तसाच ठेवून ट्यूब घालणारे आहेत. सुईनं दुसरं भोक पाडून "दोन पंक्चर निघाले" म्हणणारेही आहेत, पण त्यांच्यावर शाई खर्च करत नाही.

एवढं शिकूनही सगळं कळत नाही. फ्रीव्हीलच्या मागं कोण वाकून बघतो? कुठंतरी विश्वास ठेवावाच लागतो. आता शहरातल्या दुकानांत वेगळीच तऱ्हा. गिअरच्या सायकलची एक तार तुटली तरी "काका, चाकच बदला" म्हणतात. एका तारेचे किती मिळणार, हा त्यांचा हिशेब मला कळतो. पण चांगलं चाक भंगारात काढायला लावणं हाही आकडाच, फक्त उलट्या बाजूनं घातलेला.

तर तो दूधवाला. रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. दूध काही रविवारी सुट्टी घेत नाही. महिनाभरानं दुसरी तार तुटली, दुसरा आकडा पडला. परत सांगून झालं, परत मान डोलवून झाली. तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं सायकल उलटी केली, तारा छेडल्या आणि पाना खाली ठेवला. "आता आकडा न्हाई."

सांगितलं म्हणजे सुटलो, असं त्याला वाटेना. सांगणं सोपं असतं. ज्याच्यापुढं दुसरा रस्ताच नाही त्याला धोक्याची सूचना देऊन पैसे घ्यायचे, यात बोलणाऱ्याची जीभ तेवढी स्वच्छ राहते. पुढच्या चाकाचा नियम तर त्याचा आधीपासून पक्का होता. पुढच्या चाकाला, चिमट्याला आणि ब्रेकला आकडा नाही, ठिगळ नाही, उद्यावर टाकणं नाही. मागचं चाक बसलं तर माणूस उतरून ढकलत जातो, पुढचं बसलं तर तोंडावर पडतो. आणि ब्रेक लागला नाही तर रस्त्यावरचं दुसऱ्याचंच पोर चाकाखाली येतं, ज्यानं "आकडा घाल" असं कधी म्हटलेलं नसतं. पण दोन आकडे, चाळीस लिटर दूध आणि ओढ्याचा उतार धरला तर मागचं चाकही पुढच्याच्या नियमात गेलं होतं.

दूधवाला चिडला. "माझी सायकल, माझं हाड. तुला काय करायचंय?" हा प्रश्न साधा नाही. गरिबाला दुसऱ्यानं केलेला चांगुलपणा बहुतेक महागच पडतो. त्याची सकाळ बुडवायचा अधिकार मिस्त्रीला कुणी दिला? मी आजही या प्रश्नाचं उत्तर छातीठोकपणे देणार नाही. मिस्त्रीनं मात्र वाद घातला नाही. भाड्याची सगळ्यात दणकट सायकल काढली, किटल्या स्वतः तिच्यावर बांधल्या आणि म्हणाला, "ही घेऊन जा. संध्याकाळी तुमची न्या. हिचं भाडं नको." त्या दिवसाचं भाडं बुडालं, वर फ्रीव्हील खोलायला दीड तास गेला. दोन्ही आकडे काढून त्यानं माझ्या हातावर ठेवले. एक जवळजवळ सरळ झाला होता.

संध्याकाळी दूधवाला आला, पैसे मोजून दिले आणि एक शब्द न बोलता सायकल घेऊन गेला. पुढं तीन-चार महिने तो तालुक्याच्या त्या दुकानात जायचा. आमच्या शेडासमोरून जाताना घंटी मात्र वाजवायचा.