न दिसणारा वस्ताद

तालमीत वस्ताद कोपऱ्यात बसलेला असतो. तो फारसे बोलत नाही. पण पठ्ठ्याचा दम कुठे उखडला, कोणत्या पायावर भार देणे तो टाळतो आहे, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. बेळगाव-कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या माणसाला गुरू म्हटले की ही नजर आठवते. तिथे खोटे बोलण्याची सोयच नसते, कारण मोजणारा समोर बसलेला असतो.

धावण्याच्या क्षेत्रात आता निराळाच वस्ताद आला आहे. तो पुण्यात असतो, बंगळुरात असतो, कधी परदेशातही असतो. शिष्य पहाटे टिळकवाडीत धावतो. मनगटावरचे घड्याळ उपग्रहांच्या आधाराने अंतर मोजते, कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडीचे ठोके टिपते; आणि शिष्य घरी येऊन चहाचा कप हातात घेतो तोवर सारा हिशेब मोबाईलमधल्या अ‍ॅपवाटे गुरूकडे पोचलेला असतो. तो पाहून गुरू पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक लिहितो.

ही सोय नाकारण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या गावी लांब पल्ल्याचा जाणता मार्गदर्शक मिळतोच असे नाही. घर आणि नोकरी सांभाळून चाळिशीत धावू लागलेल्या बाईला ठरल्या वेळी मैदानावर हजर राहणे जमतेच असेही नाही. अशांना या दूरस्थ गुरूने खरोखर दार उघडून दिले आहे. प्रश्न आहे तो वेगळाच. जो आपल्याला पाहत नाही, त्याच्याशी माणसाने कितपत खरे बोलावे?

'ट्रेनिंगपीक्स' या अ‍ॅपमध्ये ठरलेल्या व्यायामापैकी ८० ते १२० टक्के झाला की त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. फरक वाढला तर पिवळा, मग नारिंगी. काहीच केले नाही तर लाल. गुरूला पन्नास शिष्यांवर झटकन नजर टाकता यावी, म्हणून ही रंगांची युक्ती. पण माणसाचे मन मोठे विचित्र. थोड्याच दिवसांत तो त्या हिरव्या चौकोनासाठी धावू लागतो. ताप उतरून दोन दिवस झालेले नसतात, रात्रभर आजारी आईपाशी जागरण झालेले असते, तरी लाल रंग नको म्हणून तो बाहेर पडतो. या मोहाचे टोकही जगाने पाहिले आहे. २०२४ मध्ये इंडोनेशियातून बातम्या आल्या, की तिथे काही लोक पैसे देऊन आपल्या 'स्ट्राव्हा' खात्यावर दुसऱ्याला धावायला लावतात. पाय त्याचे, नाव आपले! तिथे फसवले कोणाला, असे विचारले तर उत्तर देणे कठीण.

आकडा खोटा नसला तरी अपुरा असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची एक मोजपट्टी केली, ६ पासून २० पर्यंत. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणले की नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. मुद्दा असा, की या मोजपट्टीत यंत्र नाही. तिच्यात फक्त माणसाला विचारलेला प्रश्न आहे: तुला किती जड गेले? आज मनगटावर इतके यंत्र बांधूनही जाणते मार्गदर्शक हा प्रश्न सोडत नाहीत.

आणि इथेच आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसाची खरी अडचण सुरू होते. वेळापत्रक इंग्रजीत येते, शेजाऱ्याशी आपण कन्नडमध्ये बोलतो. पण दुखते ते मात्र घरच्या भाषेत. ठणका वेगळा, कळ वेगळी; चमक वेगळी, पेटका वेगळा. अ‍ॅपच्या रकान्यात या साऱ्यांचे मिळून 'दुखणे १० पैकी ४' होते. पोटरी आखडलेली असली तर थोडे धावल्यावर बहुधा मोकळी होते. पण नडगीच्या हाडावर नेमके बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे, धावताना वाढत जाणारे, हे हाडाला बारीक चीर पडू लागल्याचे लक्षण असू शकते. पहिल्याला दिलासा पुरतो, दुसऱ्याला धावणे थांबवून डॉक्टरकडे धाडावे लागते. 'चार' या आकड्यात दोन्ही मावतात.

म्हणून मला वाटते, की अंतर वाढल्याने नात्यातले कर्तव्य कमी झालेले नाही. त्याची वाटणी बदलली आहे. तालमीत पाहण्याचा भार वस्तादावर होता. इथे सांगण्याचा भार शिष्यावर आला. 'आज जमले नाही' हे वाक्य लिहिणे हा आता व्यायामाचाच भाग समजला पाहिजे.

पण एवढे म्हणून गुरूला मोकळे सोडता येणार नाही. जिथे लाल चौकोनाला टोमणा मिळतो, तिथे शिष्य खोटे बोलायला शिकतो. पन्नास शिष्यांना रोज पाच-पाच मिनिटे द्यायची तर चार तासांहून अधिक वेळ जातो. तो देता येत नसेल, तर फी घेऊन शिष्य जमवू नयेत. हिरव्या चौकोनामागचा थकवा ओळखायला फोन उचलून विचारावे लागते, आणि ऐकावे लागते.

अशा वेळी एकलव्य हटकून आठवतो. पण त्याच्यापुढे मातीची मूर्ती होती. तिने त्याला कधी 'दमलास का' म्हणून विचारले नाही. आपल्या मुलाचे किंवा सुनेचे नाव अशा वर्गात घालायचे असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी फी आणि पदके पाहण्याआधी एवढेच पाहावे: पलीकडचा माणूस विचारतो का, आणि खरे उत्तर आले तर वेळापत्रक बदलतो का?