जीर्ण वस्त्र आणि गोधडी



वैशाख निम्मा सरला, की आमच्या राहात्याला दुपारच्या वेळी ओसरीओसरीवर गोधड्या पसरलेल्या दिसतात. रब्बीचे दाणे घरात येऊन पडलेले असतात, पेरणीला अजून अवकाश असतो, आणि मृग लागण्याच्या आत जुनी लुगडी धुऊन, उन्हात कडक वाळवून पावसाळ्याची पांघरुणे शिवून घ्यावयाची असतात. एकदा पाऊस लागला म्हणजे गोधडी धुता येत नाही आणि धुतली तर वाळत नाही, हे ज्याच्या घरी गोधडी आहे त्याला सांगावयास नको.

प्रवचनाच्या पानावर हे शिवणटिपण कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हीही एके काळी असेच म्हणत होतो. चार बायका जमल्या की सुई कमी आणि जीभ जास्त चालते, असे आमचे पक्के मत होते. ते मत कसे मोडले आणि मोडताना आमची काय शोभा झाली, ते आज सांगावयाचे आहे.

आधी गोधडी म्हणजे काय ते पाहू. कारण पुष्कळ पुरुषमंडळी जन्मभर तिच्यावर निजतात, पण ती होते कशी हे त्यांना ठाऊक नसते. खाली एक धडधाकट लुगडे अंथरतात, वर दुसरे. या दोहोंच्या पोटात जे जाते ते म्हणजे विटलेली धोतरे, फाटके सदरे, पोरांची लहान झालेली झबली, उशीचे अभ्रे. दिसण्यासारखे त्यात काही नसते, पण ऊब असते ती त्याचीच. चारी कडा ताणून त्यांवर जड भांडी नाहीतर दगड ठेवतात, लांब लांब कच्चे टाके घालून सगळे जागच्या जागी बसवितात आणि मग धावदोरा सुरू होतो. तो कडेकडेने निघतो. एक फेरा पूर्ण झाला की दुसरा त्याच्या आत, तिसरा त्याच्याही आत, असे करीत करीत मध्यापर्यंत. चार बाजूंना चार जणी बसलेल्या असतात. एकीने दोरा जास्त ओढला, तर चुण्या तिच्यापुढे पडत नाहीत, शेजारणीच्या पुढे पडतात. हे आम्ही पुढे पाहून पाहून शिकलो. आणि चौघी जणी जसजशा आत सरकतात तसतशी त्यांची डोकी एकमेकींच्या जवळ येतात. आरंभी दोन टोकांना बसून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा शेवटच्या फेऱ्याला गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हाही त्या बोलत नव्हत्या म्हणा. पण एकच कातर दोघींनी वापरली.

आजकाल हे काम अवघड झाले आहे. सुती लुगडे मिळत नाही. नव्या साड्यांचे कापड गुळगुळीत, सुईखाली सरकते, घाम शोषून घेत नाही. बाजारात ब्लँकेट स्वस्त झाले आहे. गंमत अशी, की पानिपतच्या पुष्कळशा गिरण्या टाकून दिलेल्या कपड्यांच्याच चिंध्या पिंजून त्यांचे सूत काढतात आणि त्यांची ब्लँकेटे विणतात. म्हणजे चिंधी सुटली नाही. फक्त कोणाची चिंधी ते आता कळत नाही. आमच्या आईच्या गोधडीत मात्र बोट ठेवून सांगता येत असे, की हे आजीचे जरीकाठी, हे थोरल्या आत्याचे, आणि हा तुकडा तुझ्या बारशाच्या कुंचीचा.

आपल्या संप्रदायाचे तर सुईशी जुने नाते. नामदेवराय शिंप्याच्या कुळातले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि त्यांतल्या एका पदात नामदेव मनाला मापाचा गज म्हणतात, जिभेला कातर म्हणतात आणि यमाची फाशी तिने कापून टाकल्याचे सांगतात. धंदा सोडून देव मिळाला असे ते म्हणत नाहीत. हातात जे होते तेच त्यांनी देवाकडे वळविले. गाडगेबाबांचे पाहा. सन १८७६ मध्ये शेंडगावी जन्मलेला हा पुरुष आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा घालून हिंडला. लोक कुठे त्यांना गोधडेबुवा म्हणत, कुठे चिंधेबुवा. आमच्या शेजारी शिर्डीला साईबाबा एक वीतभर रुंद फळी मशिदीच्या आढ्याला जुन्या चिंध्यांनी टांगून तिच्यावर निजत असत, ही कथा साईसच्चरितात आहे. लोक फळीचे नवल करतात. आमच्याकडची एक म्हातारी म्हणे, नवल चिंध्यांचे करा, भार त्यांनी पेलला. आणि ज्या काकड्याने आपण पहाटे देवाला उठवितो तो तरी काय? पिळलेल्या कापडाची वातच की!

असो. आता मूळ गोष्टीकडे येऊ.

ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि सिन्नरवरून आमच्या तालुक्यातील गोगलगाव, राजुरी या बाजूने पुढे बेलापूर-राहुरीकडे जाते. आमच्या आळीतील बायकांनी एका वर्षी ठरविले, की मुक्कामाला येणाऱ्या वारकऱ्यांसाठी घरटी कापड गोळा करून पाच गोधड्या शिवावयाच्या. देवळाच्या मंडपात रोज दुपारी बैठक. आम्ही खांबाला टेकून पोथी वाचावी आणि बायकांनी ऐकत ऐकत शिवावे, असा बेत. खरे सांगावयाचे तर आम्ही गेलो तो त्यांच्या गप्पांना आळा बसावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी एक तरुण बाई आली. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी तिचा नवरा गेला होता. दुखण्याने नव्हे. डोक्यावर कर्ज झाले, पेरूची बाग वाळली आणि त्याने आपल्या हाताने आयुष्य संपविले. त्या घराशी तेव्हापासून लोकांचे येणे-जाणे बेताचेच राहिले होते. तिने पदराखालून एक पांढरा सुती सदरा आणि एक उपरणे काढून पुढे ठेवले व हळूच म्हणाली, "हे दोन वेळा वारीला गेले होते, याच सदऱ्यावर. त्यांचं कापड तरी वारीला जाऊ द्या."

मंडपात एकदम शांतता झाली. सुया थांबल्या. मग एक वयस्क बाई म्हणाल्या, "तसं नाही बाई, पण असल्या मरणाचं कापड वारकऱ्याच्या अंगाखाली कसं घालायचं? उद्या कुणाला काही झालं म्हणजे?" दुसरीने मान हलविली. तिसरी आमच्याकडे वळली. "बुवा, तुम्हीच सांगा. शास्त्र काय म्हणतं?"

माउलींनो, याच वेळेसाठी तर आम्ही चाळीस वर्षे पोथी वाचली होती. पण समोर बसलेल्या बहुतेक जणी आमच्या कीर्तनाला येणाऱ्या, शिधा आणून देणाऱ्या. त्यांचे मन मोडवेना. आम्ही चष्मा पुसला आणि म्हणालो, "गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलेच आहे, की माणूस जीर्ण वस्त्रे टाकतो आणि नवी घेतो. तेव्हा टाकलेल्याचा फार मोह धरू नये. बाकी तुमची रीत असेल तसे करा."

ती "बरं, महाराज" म्हणाली. सदऱ्याची घडी केली, तिच्यावर उपरण्याची घडी ठेवली आणि गेली. सुया पुन्हा चालू झाल्या. आम्हीही पुढची ओवी वाचावयास घेतली.

त्या रात्री हरिपाठाला बसलो, पण मन लागेना. तोंडाने नाम चालले होते आणि डोळ्यांपुढे ती घडी. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम उशिरा गेलो. पाहतो तो ती बाई मंडपात बसलेली, आणि तिच्या शेजारी आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजी. या आजी आदल्या दिवशी कोपऱ्यात बसून नुसता दोरा ओवून देत होत्या. कानांनी कमी ऐकू येते म्हणून त्यांना कोणी काही विचारलेही नव्हते. सकाळीच काठी टेकीत तिच्या घरी जाऊन त्या तिला सदऱ्यासकट घेऊन आल्या होत्या. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "बुवा, जुनं कापड देवानं टाकलं असंल. आम्ही नाही टाकीत. आम्ही टाकलं असतं तर तुमची सगळ्यांची लेकरं उघडी निजली असती."

आम्ही काहीच बोललो नाही. बोलावयाला जागाच नव्हती.

मग आजींनी सदरा उसवायला घेतला. कॉलर काढली, बाह्या काढल्या, बटणे तोडून डबीत टाकली. खिशापाशी आल्या आणि थांबल्या. "खिसा राहू दे," म्हणाल्या. आणि खिशासकट तो तुकडा पोटात न घालता सगळ्यांत वर, उशाच्या बाजूला लावला.

आदल्या दिवशी हरकत घेणाऱ्या बाई उठून गेल्या. तीन दिवस फिरकल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या आणि दुसऱ्या गोधडीपाशी बसल्या. त्या सदऱ्याच्या गोधडीला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांनाही आम्ही दोष देत नाही. त्यांचा एकुलता नातू त्याच वर्षी दिंडीबरोबर चालावयाचा होता, आणि भीती ही मायेचीच दुसरी बाजू आहे.

दोष आमचा. आणि तो कसा ते आम्हाला पुढे पोथी उघडल्यावर उमगले. दृष्टान्त नेहमी एकदेशी असतो, हे गुरूंनी आम्हाला पहिल्या वर्षी शिकविले होते. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे मुखावर डाग आहे असे होत नाही. भगवंतांनी वस्त्राचा दृष्टान्त दिला तो अर्जुनाचा शोक जावा म्हणून, देही मरत नाही एवढेच दाखविण्यासाठी. जाणारा वस्त्र टाकून जातो, हे त्यातले सांगणे. मागे राहिलेल्यांनी ते वस्त्र दाराबाहेर फेकावे, असे त्यात कुठे आहे? रडणाऱ्याला धीर देण्यासाठी निघालेला शब्द आम्ही रडणारीला उठवून लावण्यासाठी वापरला. श्लोक खरा होता, अध्यायही बरोबर होता, आणि तरीही आम्ही खोटे बोललो.

आणखी एक. त्या माणसाचे मरण अमंगळ म्हणावयाचे, तर ते अमंगळ त्याच्या सदऱ्यात कसे आले? सुताला काय ठाऊक? पटात तंतूवाचून दुसरे काही नाही, हे आम्हीच दर चातुर्मासात सांगतो. मग तंतू ज्याच्या अंगाला लागला त्याचे कर्ज तंतूला लागत नाही, हे सांगावयाला त्या दिवशी जीभ का उचलली नाही? आणि तो गेला तेव्हा, बाग वाळत होती तेव्हा, आम्ही त्याच्या दारावरून रोज देवळाकडे जात होतो. एकदाही आत डोकावलो नाही. सदऱ्याला घाबरणे सोपे पडते. या प्रश्नाला सामोरे जाणे तितके सोपे नाही.

पुढे एक दिवस बैठक मोडल्यावर आम्ही त्या बाईला म्हणालो, "बाई, त्या दिवशी आमचे चुकले."

ती दोरा गुंडाळीत होती. म्हणाली, "तुम्ही काही वाईट बोलला नाही, महाराज. तुम्ही काहीच बोलला नाही."

रागाने म्हणाली नाही. जे होते ते म्हणाली. तेव्हापासून आम्ही पोथी वाचताना मधूनमधून डोळे वर करून पाहतो, की ऐकणाऱ्यांत कोण गप्प बसले आहे. गप्पांचा राग येणे तर कधीच गेले. त्या मंडपात टाका घालता घालता कोणाची पोर नांदत नाही, कोणाच्या घरी सावकार आला, कोणाला डॉक्टरने काय सांगितले, हे सगळे निघते, आणि निघते म्हणून कोणीतरी उठून त्या घरी जाते. आमच्या कीर्तनात श्रोता शेजाऱ्याकडे पाहतही नाही. आता ती बाई रोज येते. तिच्या घरी दोघी-तिघी जातात. बाग पुन्हा लावली आहे, वाट्याने.

पालखी आली तेव्हा गोधड्या टेंपोत घालून आम्ही राजुरीला नेल्या. रात्री भजन आटोपल्यावर एका ओसरीवर त्या अंथरल्या. सिन्नरकडचा एक म्हातारा वारकरी त्या सदऱ्याच्या गोधडीवर येऊन बसला. पाय चेपले, माळ कपाळाला लावली, हाताने गोधडी चाचपून पाहिली. उशाशी हात गेला तर खिसा. तो हसला. "अरे वा, खिसापण ठेवलाय की!" म्हणाला, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून, उपरण्याने पुसून त्या खिशात ठेवला व कुशीवर वळून झोपी गेला. कोणाचा खिसा ते त्याने विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

परत आल्यावर आम्ही ही हकीकत त्या बाईला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सकाळी उठताना चष्मा नीट होता ना? फुटला नाही ना त्यांचा?"