विज्ञानकथा असूनही

न कळण्याचाही अभिमान बाळगता येतो, हे मला आमच्या साहित्यिक मित्रांनी शिकवलं. छत्रपती संभाजीनगरात मराठीचे एक प्राध्यापक माझ्या परिचयाचे आहेत. कुणी ज्ञानेश्वरी वाचली नाही म्हणालं, की आठवडाभर त्याच्याशी बोलत नाहीत. पण चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, असं विचारून बघा. ‘छे बुवा, ते आपलं क्षेत्र नाही,’ असं ते इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं सांगतात, की वाटावं, गृहस्थाला पुरस्कारच मिळालाय! सी. पी. स्नो यांनी १९५९ साली हीच तक्रार इंग्लंडातल्या विद्वानांबद्दल केली होती. म्हणजे दुखणं जुनं आहे आणि आयातही केलेलं नाही.

बरं, विज्ञान यांना अगदीच वर्ज्य आहे म्हणावं, तर तसंही नाही. कवितेत कृष्णविवर चालतं. समीक्षेत तर आइनस्टाइन घरचाच. ‘अहो, त्यानं सांगूनच ठेवलंय, सगळं सापेक्ष आहे!’ बिचाऱ्यानं १९०५ साली सिद्धान्त मांडला, तो प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच भरतो, या पायावर. म्हणजे जे सापेक्ष नाही, त्यावरच! पण पाया बघायचा तर खाली वाकावं लागतं.

विज्ञानकथेची तर न्यारीच तऱ्हा. फसली, तर ती विज्ञानकथा. जमली, तर ‘विज्ञानकथा असूनही वाङ्मय आहे हो!’ या ‘असूनही’त सगळी मेख आहे. (ग्रामीण कथेनंही हा शब्द एके काळी सोसला असणार.)

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतलेली. नावाच्या वजनावर बक्षीस नको, कथेवर द्या, एवढाच आग्रह. वाङ्मयावर याहून मोठा विश्वास कुणी टाकायचा?

आणि वाङ्मयाच्या रखवालदारांनी काय केलं? २०२१च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकरांचं नाव आलं, तेव्हा आमचे प्राध्यापक म्हणाले, ‘माणूस मोठा, पण वाङ्मयीन योगदान काय?’ कथा एकही वाचली नव्हती, हे ओघानं आलंच. न वाचता नापसंत करणं याला अभिरुची म्हणावं की आळस, हा प्रश्न मला खरोखर छळतो. आळस म्हणावं, तर हेच गृहस्थ एका ओवीच्या पाठभेदासाठी रात्रभर जागतात! २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा ‘आकाश पोरकं झालं’ असा लेख यांनीच लिहिला. तासाभरात.

मागे आम्ही पाणचक्कीवर बसलो होतो. भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याकडे बघत प्राध्यापक काळाच्या प्रवाहाबद्दल बोलत होते. बोलतात सुंदर, खोटं कशाला सांगू? शेजारच्या बाकावरचं आठ-नऊ वर्षांचं पोर एकदम म्हणालं, ‘काका, पण पाणी वर चढलं कसं?’

दूरच्या डोंगरातला उगम त्या भिंतीहून उंच आहे; तिथून जमिनीखालच्या नळांतून आलेलं पाणी आपल्याच दाबानं भिंतीत वर चढतं आणि मग कोसळतं. मी सांगणार होतो. तेवढ्यात प्राध्यापक हसून म्हणाले, ‘बाळ, ते इंजिनिअरला विचार हं.’

पोर थांबलंच नाही. भिंतीच्या मागे काय आहे, ते बघायला केव्हाच पळालं होतं.