गिरणीवाल्याचा पट्टा

पातुर्ड्यातल्या एका गिरणीवाल्याला दोन मुलगे. धाकटा शेती आणि गिरणी सांभाळतो, थोरला पुण्यात नोकरीला. धाकट्याकडे खडखडणारी स्प्लेंडर. थोरल्याकडे हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ७५०. तीही कुणाची तरी वापरलेली, पण दिवाळीला तो तिच्यावरून गावात शिरला तेव्हा पोरं गिरणीपर्यंत मागे धावत आली.

ही गाडी २०१४ मध्ये भारतात आली. हरियाणातल्या बावलला बनायची. २०२० मध्ये कंपनीनं तिथला कारखाना बंद करायचं जाहीर केलं, तेव्हापासून ती बाळगणारे जरा जास्तच अभिमानानं बाळगतात. तिला साखळी नसते. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक दातेरी पट्टा जातो, वरून रबरासारखा दिसणारा, आत चिवट धाग्यांचा. या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या गाड्याही पट्ट्यावरच चालत, पण तो चामड्याचा असे. आजच्यासारखा दातेरी पट्टा १९८० मध्ये आला.

"तेल नाही, ग्रीस नाही, आवाज नाही," थोरला सांगत होता. "ह्याच्या साखळीसारखं रोज रडगाणं नाही. काहीच मागत नाही हा पट्टा."

वडील दळण चाळता चाळता म्हणाले, "मागत नाही त मंग त्याले पाह्यतं कधी?"

थोरला हसला. वडलांचं म्हणणं त्याला गिरणीपुरतं वाटलं. त्यांचा नेम असा की रात्री मोटर बंद झाली, पट्टा थांबला, की त्यावरून एकदा हात फिरवायचा. कुठे चीर, कुठे कड उसवलेली, कुठे करपल्याचा वास. मगच कुलूप.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ वारी हनुमानाच्या देवळाला निघाले. वरवट बकालपर्यंत डांबर बरं होतं. सोनाळ्याच्या पुढे सातपुडा समोर दिसू लागला आणि रस्त्याचं काम लागलं. नुसती गिट्टी अंथरलेली, वर रोलर फिरायचा बाकी. स्प्लेंडर हलकी, धाकट्यानं हँडल सैल धरलं, दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि गाडीला तिच्या मनानं थोडं डोलू दिलं. गिट्टीवर पुढचं चाक सरळ जातच नाही, ते हलतं, आणि हलू दिलं तरच गाडी उभी राहते. थोरल्याची गाडी सव्वादोनशे किलोच्या घरातली, टायर डांबराचे. त्यानं मुठी आवळल्या. चाक घसरलं की तो पुढचा ब्रेक दाबायला जायचा आणि घसरण वाढायची. वर मागे पडणं मानवेना, म्हणून तो भावाच्या अगदी पाठीला लागून चालला. भावाच्या चाकानं उडवलेले खडे त्याच्या गाडीखाली तडतडत होते.

खाली पडला नाही, एवढं खरं. देवळात पोचल्यावर धाकट्यानं साखळी खरखरतेय म्हणून दोन थेंब तेल सोडलं. थोरल्यानं आरशात केस नीट केले.

रात्री गाडी गिरणीच्या पडवीत होती. वडलांनी आपल्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि सवयीनं मुलाच्याही. मग टॉर्च मागवली. पट्ट्याला मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं आरपार भोक होतं. पट्ट्याच्या खालच्या पदराच्या आतल्या बाजूवर खडा पडला की पट्टा त्याला मागच्या चकतीकडे ओढून नेतो. तिथे पट्टा ताणलेला, खड्याला निसटायला जागा नाही. साखळी असती तर करकरली असती, खडा भरडला असता किंवा भिरकावला असता. पट्ट्यानं तो निमूटपणे स्वतःच्या अंगातून जाऊ दिला होता. आणि या अवस्थेत तो परत पन्नास मैल चालला असता की पाच, ते कुणी सांगावं?

"हा अखंड हाये. तुटला त जोडता येनार नाही," वडील म्हणाले. "पुन्याले नको जाऊ याच्यावर."

फोनाफोनी झाली. नवा पट्टा यायला वेळ लागणार होता. थोरल्यानं रजा वाढवली.

एरवी तो दोन दिवसांचा पाहुणा. या वेळी घरात राहायला मिळालं तसं त्याला दिसायला लागलं. सकाळी गिरणी उघडायच्या आधी वडील गुडघ्यांसाठी एक गोळी घेत, संध्याकाळी दुसरी. दुकानातूनच आणलेल्या, चिठ्ठी नाही. पावलांवर सूज होती, चपलेचा पट्टा रुतल्याची खूण तासभर जात नव्हती. पातुर्डा खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णेच्या या खोऱ्यात विहिरीचं पाणी जिभेवर धरवत नाही, आणि संग्रामपूर-जळगाव जामोदच्या भागात मूत्रपिंडाच्या आजाराचं घर माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल. मूत्रपिंडाची रीत अशी, की अर्ध्याहून अधिक काम थांबलं तरी माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो, दळण दळतो. रक्तातलं क्रिएटिनिन मोजल्याशिवाय ते कळत नाही. वर दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर त्याच मूत्रपिंडावर आणखी भार.

"बाबा, तपासून घेऊ," थोरला म्हणाला.

"मले कायले? कुठी दुखून राह्यलं?"

यावर थोरल्याला उत्तर सुचलं नाही. धाकटा मोटरीवरचं पीठ झटकत होता, तो वर न बघताच म्हणाला, "गिरनीच्या पट्ट्यावर तुमी हात फिरवता. गिरनीवाल्यावर कोन फिरवते?"

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या पिठात बारीक-जाड झालं, ते कधी होत नसे.

शेगावला ते स्प्लेंडरवरूनच गेले, थोरल्याच्या मागे बसून. साखळी वाटभर खडखडत होती आणि थोरल्यानं तक्रार केली नाही. क्रिएटिनिन जास्त निघालं. डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी त्याच दिवसापासून बंद केली, रक्तदाबाची सुरू केली, मीठ कमी सांगितलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. म्हणाले, आणखी दोन वर्षांनी आला असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

घरी आल्यावर आईनं पाणी दिलं. वडलांनी पेला हातात धरला, पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"उद्या तुयंही रक्त काढू."

"मले काय धाड भरली?" ती चुलीकडे वळत म्हणाली. "इतक्या वर्सात मी कधी काही बोलली काय?"

"म्हनूनच त चाल म्हनतो."