आजचं चिंतन : योगक्षेमाचं ओझं कोणाच्या खांद्यावर?



आज गीतेच्या नवव्या अध्यायातला २२ वा श्लोक. परवा एका वाचक मित्राचा मेसेज आला होता, "दादा, अनन्य भावाने माझं चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं भगवंत सांगतो. मग दर महिन्याला एसआयपी, पीएफ, विमा हे सगळं करत बसणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नसल्यासारखंच नाही का?" वय २६, नोकरी बदलतोय, जुन्या कंपनीतला पीएफ काढून घ्यायचा विचार चाललाय. म्हणजे प्रश्न नुसता पारमार्थिक नाही, फॉर्म भरायचा की नाही इतका तातडीचा आहे.

आधी शब्द नीट बघू. शंकराचार्य भाष्यात सांगतात की जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे मिळालंय ते राखणं म्हणजे क्षेम. आपण आयटीवाले योगाच्या मागे जोरात असतो. पॅकेज, हाइक, ऑनसाइट. क्षेमाचा विषय निघाला की "बघू नंतर". गंमत म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या एलआयसीने आपलं ब्रीद म्हणून याच श्लोकाचा शेवटचा चरण घेतलाय. विमा म्हणजे क्षेमच.

आता एक अडचण. दुसऱ्या अध्यायात, ४५ व्या श्लोकात, तोच भगवंत अर्जुनाला सांगतो की तू योगक्षेमाच्या पलीकडे जा. एकीकडे म्हणतो सोड, दुसरीकडे म्हणतो मी वाहतो. मला याचा अर्थ असा लागतो : मिळेल की नाही, टिकेल की नाही, ही रात्री झोप उडवणारी धास्ती सोडायची आहे. काम सोडायचं नाही. हे सगळं ऐकून झाल्यावर अर्जुनाने धनुष्य उचललंच ना?

आणि क्रियापद बघा. भगवंत "देतो" म्हणत नाही, "वाहतो" म्हणतो. कीर्तनात एक गोष्ट सांगतात. एका पंडिताला हे क्रियापद पटलं नाही, देव कशाला हमाली करेल? त्याने पोथीत ते खोडून "देतो" केलं. त्याच दिवशी तो भिक्षेला बाहेर गेला असताना एक पोरगा धान्याचं ओझं पाठीवर घेऊन त्याच्या घरी आला, आणि त्याच्या अंगावर त्या खोडलेल्या रेघेचा वळ होता. मला या गोष्टीतला चमत्कारापेक्षा ते ओझं जास्त महत्त्वाचं वाटतं. धान्य आकाशातून पडलं नाही. कुणाच्या तरी पाठीवरून आलं. ओझं असतंच. प्रश्न एवढाच की ते कोण वाहतंय.

हे मला पुस्तकापेक्षा आमच्या भागातून जास्त कळलं. मी डहाणूचा. शेजारच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ ला हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" मध्ये त्या काळाबद्दल लिहिलंय. त्यात लग्नगडी हा शब्द येतो. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. हिशोब त्याच्या वहीत, त्यामुळे ती फिटायचीच नाही. नवऱ्याबरोबर नवी नवरीही राबायची. त्या लोकांचा दोष नव्हता, त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. पण एक गोष्ट दिसते. कर्जावर सही किंवा अंगठा एकाचा असतो, ओझं मात्र घरातल्या सगळ्यांच्या खांद्यावर जातं. आपल्याला रस्ता आहे. तरीही आपल्यातले कित्येक जण लग्नाच्या हॉलसाठी पर्सनल लोन काढतात आणि पुढची पाच वर्षं ईएमआय दोघं मिळून भरतात.

त्याच मातीत दुसरंही शिकायला मिळतं. वारली माणूस कणसरीला, धान्याच्या देवीला मानतो. तिच्या पाया पडतो आणि पेरणीचं बियाणं वेगळं काढूनही ठेवतो. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं तरी बियाण्याला हात लावायला जीव धजत नाही. "बियाणं ठेवलंस म्हणजे तुझा देवीवर भरवसा नाही" असं त्याला कुणी म्हणत नाही. मित्रा, तुझा पीएफ म्हणजे ते बियाणं आहे.

काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग कर. सेवेची वर्षं जोडली जातात, आणि ईपीएसच्या पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते.

उशीर केला तर ओझं किती वाढतं, त्याचा एक हिशोब. अटल पेन्शन योजनेत ६० नंतर महिना ५,००० रुपये हवे असतील तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना २१० रुपये भरावे लागतात. ४० व्या वर्षी सुरू करणाऱ्याला १,४५४. पहिला ४२ वर्षांत एकूण १,०५,८४० भरतो, दुसरा २० वर्षांत ३,४८,९६०. मिळणारी पेन्शन तीच. आणि तेही पुरेसं नाही. महागाई ६ टक्के धरली तर ४२ वर्षांनंतरच्या ५,००० रुपयांची किंमत आजच्या ४३० रुपयांच्या आसपास असेल. म्हणून पगार वाढला की बचतही वाढवायची.

आपण आयकर भरणारे, ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत आपल्याला नव्याने जाता येत नाही. मग हा हिशोब कशाला सांगितला? आमच्या ओळखीच्या एका चिकूवाडीत एक मावशी काम करतात. साठीला आल्या. टोपल्या उचलताना कंबर धरते, तरी येतात, कारण न आलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. त्यांचं वय या योजनेत बसत नाही. त्यांच्या मुलीचं बसतं, ती नुकतीच १८ ची झालीय. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर बँकेत गेलो, २१० रुपयांचा ऑटो-डेबिट लावला. मावशी म्हणाल्या, "हिला तरी माझ्यासारखं करायला लागू नये." मावशींसाठी पुढे राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे, पण ती ६५ नंतर. मधली पाच वर्षं कोण वाहणार? आज तरी उत्तर ती मुलगीच आहे.

योजनेचं नाव बघा. श्रावणबाळाने आई-वडिलांना कावडीत बसवून खांद्यावर नेलं. आपण त्याचं कौतुक करतो, केलंच पाहिजे. आई-बाबांची कावड आनंदाने उचलायची, त्यांचा आरोग्य विमा आजच बघायचा. पण आपल्या मुलांना आपली कावड उचलायलाच लागावी, अशी व्यवस्था आपण मुद्दाम कशाला करून ठेवायची? "देव बघेल" म्हणून मी काहीच केलं नाही, तर ते ओझं देवाकडे जाईलच असं नाही. बहुतेक वेळा ते बायकोकडे, बहिणीकडे, मुलीकडे जातं.

गेल्या वर्षी माझ्या टीममधले चार जण एकाच दुपारी कमी झाले. ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता, तो त्या संध्याकाळी शांतपणे हरिपाठाला बसू शकला. मला वाटतं दुसऱ्या अध्यायातलं ते "पलीकडे जा" असंही घडतं. क्षेमाची कामं वेळेवर केली की मन चिंतनाला मोकळं राहतं. आणि एवढं करूनही जे आपल्या हातात नाही, ते खरोखर त्याचं. तिथे निर्धास्त सोडून द्यायचं.

आजची साधना : नामजप झाल्यावर दहा मिनिटं काढा. पीएफ, बँक आणि विम्यात नॉमिनी कोण आहे ते तपासा. लग्न झाल्यावरही बदललं नसेल तर आज बदला. आणि घरी कामाला येणाऱ्या ताईंना, त्यांच्या मुलांना अटल पेन्शनबद्दल सांगा. त्यांच्याबरोबर बँकेत जायला अर्धा दिवस सुट्टी टाका. भगवंत वाहतो तेव्हा त्याला कुणाचा तरी खांदा लागतो, त्या दिवशी तो आपला असू दे.

उद्या पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी.